शनिवारच्या घोड्यांचे सेन्सेई

"दोशिते?"

दोशिते म्हणजे "का बरं?". आमचे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, हे विचारताना हातातली लाल पेन्सिल उलटी करायचे. टोक स्वतःच्या मुठीत आणि मागची बाजू आपल्याकडे. सुरी देताना आपण करतो ना, तसं. मग मान जराशी तिरकी करून थांबायचे. आपण कारण सांगेपर्यंत पेन्सिल हवेत. कारण सांगितलं की पेन्सिल आपल्या हातात, आणि मग आपण निवडलेल्या घोड्यासमोर आपणच खूण करायची.

हो, घोड्यासमोर. तुम्हीही आयुष्यात तऱ्हेतऱ्हेचे शिक्षक पाहिले असतील, पण घोड्यांच्या शर्यतीच्या पेपरवरून भाषा शिकवणारा माणूस मी तरी एकच पाहिला.

जपानात निशी-कसाईला तेव्हा पुण्या-मुंबईची कुटुंबं भराभर येत होती. नवरे बँकांच्या प्रोजेक्टवर. सकाळी तोझाई लाइनच्या मेट्रोच्या गर्दीत शिरले की रात्रीच उगवायचे. आम्ही बायका डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, आणि त्या शब्दाला आम्ही अगदी जागत होतो. दुकानात उभं राहून दुधाचा खोका कुठला, हेसुद्धा नवऱ्याला फोन करून विचारायचो. मी पुण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होते, पण इथे मला 'दूध' वाचता येत नव्हतं.

स्टेशनजवळच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी जपानीचा फुकट वर्ग चालायचा. नवरे त्या दिवशी घरी, त्यामुळे मुलं त्यांच्यावर सोडता यायची. शिकवायला हे सेन्सेई. सत्तरीच्या घरातले, बुटके, बाराही महिने तोच राखाडी स्वेटर. आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केलेली. लोक पैसे मागायला आले की काय झालं, का झालं, हे विचारायचं त्यांचं काम. कंपनीतून निवृत्त झाले, पण प्रश्न काही सुटला नाही.

दर शनिवारी ते त्या दिवशीच्या एका शर्यतीच्या पानाच्या झेरॉक्स वाटायचे. शर्यत नेहमी अडथळ्यांचीच, ज्यात घोडे कुंपणं आणि खड्डे ओलांडत पळतात. घोड्यांची नावं काताकाना लिपीत असतात, त्यामुळे अक्षरं घोटून व्हायची. मग प्रत्येकीनं सांगायचं, कोण जिंकेल, आणि का. वर्ग संपता संपता, दुपारी शर्यत सुरू झाली की सेन्सेई खिशातला रेडिओ टेबलावर ठेवायचे. पैसे लावायची भाषा मात्र नाही. "इथं फक्त शब्द लावायचे," ते म्हणायचे.

"अडथळ्यांचीच का?" असं मी एकदा त्यांनाच विचारलं. प्रश्न उलटा आलेला पाहून त्यांना कोण आनंद झाला!

"सपाट शर्यतीत घोडा नुसता पळतो," ते म्हणाले. "इथं प्रत्येक कुंपणापाशी त्याला ठरवावं लागतं. शिवाय यातले बरेचसे घोडे सपाट शर्यतीत मागे पडलेले. मोठेपणी पुन्हा शाळेत जाऊन उडी मारायला शिकलेत. तुमच्यासारखेच."

"मला घोडी म्हणाला हा!" वैद्य वहिनी माझ्या कानात कुजबुजल्या. वैद्य वहिनी आमच्यात सगळ्यात मोठ्या, सदाशिव पेठेतल्या, आणि त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायची.

माझी पहिली पाळी मला लख्ख आठवते. मी आदल्या रात्री नवऱ्याकडून वाक्य पाठ करून घेतलं होतं. उभी राहून म्हणाले, "माझ्या मिस्टरांना वाटतं, तीन नंबर जिंकेल." सेन्सेई माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघू लागले. मग वाकून टेबलाखाली बघितलं. "मिस्टर कुठे बसलेत?" सगळ्या हसल्या. माझे कान तापले. "ते आले की त्यांना विचारू," सेन्सेई म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं, याचा मी कित्येक दिवसांत विचारच केला नव्हता.

वैद्य वहिनींची पद्धत वेगळी होती. पेपरात प्रत्येक घोड्यानं किती वजन वाहायचं ते छापलेलं असे. त्या सरळ सगळ्यात जास्त वजनाचा घोडा निवडायच्या. "दोशिते?" वहिनी कमरेवर हात ठेवून सांगायच्या, "ज्याच्या पाठीवर जास्त ओझं, त्यालाच सवय. आमच्या घरी मी." सेन्सेईंनी ते वाक्य गंभीरपणे फळ्यावर लिहिलं आणि आम्हा सगळ्यांकडून म्हणून घेतलं. त्या दिवशी वहिनींचा घोडा जिंकला. शनिवारचा उपास होता, तरी बाईंनी पुढच्या खेपेला सगळ्यांना रव्याचे लाडू आणले.

आणि एक होती सुनीता पाटील. सांगलीकडची, लग्न होऊन थेट इथं आलेली, जेमतेम चोविशीची. तिचं उत्तर ठरलेलं, "वाकारिमासेन." माहीत नाही. सेन्सेई म्हणायचे, "पाटील-सान, माहीत नाही हेही मतच आहे. दोशिते?" आणि पेन्सिल तिच्यासमोर धरून थांबायचे. सुनीता जमिनीकडे बघायची. आम्हालाच अवघडायचं, कुणीतरी तिच्या वतीनं बोलायला जायचं, पण सेन्सेई दुसरा हात वर करून गप्प करायचे. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "ठीक आहे. पुढच्या शनिवारी." तोवर तरी पेन्सिल तिला कधी मिळाली नव्हती. तिच्यावर ते रागावलेही कधी नाहीत.

त्या वर्गानं काय दिलं म्हणाल, तर माझ्या लेकीचा कान दुखत होता तेव्हाची गोष्ट सांगते. डॉक्टर नेहमीप्रमाणे माझ्या नवऱ्याशी बोलत होते. मी मध्येच म्हणाले, "मला वाटतं, डावा कान. कारण ती उजव्याच कुशीवर झोपते." डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. घरी येताना मला एकदम उंच झाल्यासारखं वाटत होतं.

पण सुख फार दिवस टिकेल तर ना. वैद्य भावोजींना एकदा वहिनींच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली घोड्यांचा पेपर सापडला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. हसणारे हसले, पण काहींचे चेहरे उतरले. संस्कारी घरातल्या बायका, आणि रेस? पुढच्याच महिन्यात हॉलच्या व्यवस्थापकांकडे तक्रार गेली की जपानीच्या नावाखाली जुगार शिकवतात. कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वैद्य वहिनींनी मात्र घरी आठवडाभर अबोला धरला.

व्यवस्थापक एका शनिवारी वर्गात येऊन बसले. अतिशय सभ्य गृहस्थ. वाकून नमस्कार केला आणि सौम्यपणे सांगितलं, की हॉलच्या नियमात हे बसत नाही, वर्ग बहुधा बंद करावा लागेल. पण त्याआधी विद्यार्थिनींना काही म्हणायचं असेल तर ते ऐकतील.

सेन्सेई भिंतीशी उभे होते. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब सेंदाईला. शनिवारची ती सकाळ सोडली तर त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. आणि तो वर्ग सोडला तर आम्हाला एकटीनं जायला दुसरी जागा नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

वैद्य वहिनी भाषण पाठ करून आल्या होत्या. उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात अडकल्या. मी सावरायला गेले, तर माझे शब्द एकात एक गुंतले. व्यवस्थापक समजूतदारपणे मान हलवत होते, आणि ती मान कुठल्या बाजूला झुकते आहे ते दिसत होतं.

तेवढ्यात सुनीता उठली.

"हा वर्ग चांगला आहे, असं मला वाटतं," ती जपानीत म्हणाली.

लगेच भिंतीकडून आवाज आला, "दोशिते?"

मी कपाळाला हात लावला. अहो, तुमचा वर्ग हातातून चाललाय, आता तरी गप्प बसा ना! पण सवय ती सवय. सेन्सेई पुढे झाले होते, पेन्सिल उलटी धरून.

सुनीता या खेपेला जमिनीकडे बघत नव्हती. एकेक शब्द शोधत म्हणाली, "घरी भाजी कुठली करायची, ते सासूबाई फोनवर सांगतात. रविवारी कुठं जायचं, ते मिस्टर सांगतात. मला काय वाटतं, ते इथंच विचारतात. आणि उत्तर येईपर्यंत थांबतात."

सेन्सेईंनी पेन्सिल तिच्या हातात दिली. दोन्ही हातांनी, वाकून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. वर्ग चालू राहील, पण त्या खोलीत घोड्यांचा पेपर पुन्हा दिसता कामा नये. सेन्सेई हो म्हणाले. मग त्यांनी कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, त्याचं कॅलेंडर आणलं. पिझ्झाचा तेलकट खोका, कागदात टाकायचा की जळणाऱ्या कचऱ्यात? दोशिते? खोबरेल तेलाची बाटली? दोशिते? वाद रंगायचे, पण दुपार झाली की सगळ्यांचे डोळे त्यांच्या स्वेटरच्या खिशाकडे जायचे. रेडिओ खिशातच राहायचा.

"खोलीबाहेर तर बंदी नाही ना?" हे वैद्य वहिनींच्याच डोक्यातून निघालं. एप्रिलमध्ये आम्ही सेन्सेईंना घेऊन नाकायामाच्या मैदानावर गेलो. तोझाई लाइननं शेवटपर्यंत, तिथून बस. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. पुरी खाताना सेन्सेईंना घाम फुटला, पण माघार घेतली नाही.

शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात. तिथं कठड्याला टेकून आम्ही सगळ्यांनी आपापली मतं सांगितली. सेन्सेईंनी स्वतःचं मत आजवर कधीच सांगितलं नव्हतं. सुनीतानं त्यांच्या खिशातली पेन्सिल काढली, उलटी धरली आणि विचारलं, "सेन्सेई, तुम्हाला कोण वाटतो?"

ते चक्क लाजले. मग एका मळकट तपकिरी घोड्याकडे बोट केलं. पेपरात त्याच्यासमोर जाणकारांची एकही खूण नव्हती.

"दोशिते?" आम्ही एका सुरात ओरडलो. शेजारची माणसं वळून बघू लागली.

"उशिरा शिकायला आलाय," ते म्हणाले. "दोनदा पडला. तरी येतो."

"मग इतके दिवस तुमचं मत सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मी सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी तेच म्हटलं असतं."

शर्यत सुरू झाली. मोठ्या हिरव्या कुंपणावरून घोडे उडाले तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. पहिल्या फेरीत सेन्सेईंचा घोडा सगळ्यांच्या मागून, पण नीट पार झाला. दुसऱ्या फेरीत त्याच कुंपणापाशी आला आणि थांबला. स्वार खाली उतरला, त्याची मान थोपटली आणि लगाम धरून त्याला चालवत परत आणू लागला. जिंकणाऱ्यांकडे सगळे धावले होते. सेन्सेई मात्र टोपी काढून तपकिरी घोडा आमच्यासमोरून जाईपर्यंत उभे राहिले.

"पडला नाही," ते म्हणाले. "स्वतः ठरवून थांबला."

"दोशिते?" वैद्य वहिनींनी सोडलं नाही.

सेन्सेईंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "त्यालाच विचारलं असतं," ते म्हणाले. "पण त्याला जपानी येत नाही."

आम्ही पोट धरून हसलो. परतताना बसमध्ये ते टोपी मांडीवर ठेवून झोपून गेले. स्वेटर त्यांना फार ढगळ होत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

त्या हिवाळ्यात ते यायचे बंद झाले. पडसं आहे, असं कळलं. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली, फार छान शिकवायची. मग एका शनिवारी व्यवस्थापक वर्गात आले, वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. सेन्सेई दोन महिने हॉस्पिटलमध्ये होते. आम्हाला सांगू नका, असं त्यांनीच बजावलं होतं. सेंदाईहून मुलगी येऊन अंत्यविधी आटोपून गेली होती.

त्या माणसाला मी नीट निरोपही दिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या शनिवारी सुनीतानं येताना पेपर आणला. व्यवस्थापक दारात होते. त्यांच्यासमोर तिनं तो टेबलावर पसरला आणि सेन्सेई फळ्याखालच्या खोक्यात ठेवायचे ती लाल पेन्सिल काढून त्यावर ठेवली. व्यवस्थापकांनी पेपर पाहिला. मग दार हळूच ओढून घेतलं.

नवी शिक्षिका मागच्या बाकावर जाऊन बसली. वैद्य वहिनींनी सगळ्यात जास्त वजनाचा घोडा सांगितला. मग माझी पाळी आली. मी नाव वाचलं, नंबर सांगितला आणि थांबले. सगळ्याच थांबल्या. बाहेर पुलावरून गाडी गेली. पेन्सिल टेबलावर तशीच पडून होती.

कुणीच विचारलं नाही. मग मी कारण सांगितलं.