अकोल्याचा शिक्का

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत मी अमरावतीत एका अडत्याकडे कारकून होतो. लोकांना कापसाचं वेड लागलं, मला टपालाच्या तिकिटांचं. दुकानातल्या पाकिटांवरची राणीची मुंडकी पाण्यात भिजवून सोडवायची आणि ज्या गावचा शिक्का, त्या गावच्या पानावर लावायची. मुंबई होती, नागपूर होतं, खामगाव होतं. अकोला नव्हतं, आणि अकोला तर माझी सासुरवाडी!

सासरेबुवा पत्र बिनतिकिटाचं टाकत. पैसे आम्ही दुप्पट भरायचे. तेव्हा बहुतेकांची हीच रीत. मी त्यांना कळवलं, यापुढे तिकीट लावलंच पाहिजे.

पत्रं बंद झाली. महिना गेला, दोन गेले. शेवटच्या पत्रात सासूबाईंना ताप असल्याचं होतं, त्यामुळे बायकोच्या घशाखाली घास उतरेना. मीही रोज टपालवाल्याची वाट पाहायचो, पण खरं सांगायचं तर खबरीपेक्षा तिकिटासाठीच. ते तिनं ओळखलं.

"तुमच्या राणीच्या मुंडक्यानं माह्या मायची खबर अडवली," ती म्हणाली. त्यानंतर मला भाकरी मिळत राहिली, बोलणं मिळालं नाही.

एके दुपारी मिठाच्या गाडीवरून सासरे उतरले. बंडीच्या खिशातून त्यांनी चार पत्रं काढली. चारींवर तिकिटं, कोरी करकरीत.

"जावईबापू, तुमचा शब्द मोडला नाही. पण पैसे आधीच भेटले, त टपालवाला एवढ्या दूर कायले येते? घ्याचे असले म्हणजे बरोबर घर हुडकते. म्हून मीच घेऊन आलो. शिक्क्याचा डागबी लागू देल्ला नाही!"

मी चारी पत्रं वाचून दाखवली. ताप चढला. लेकीची आठवण काढते. ताप उतरला. उठून भाकरी टाकली. बायको आधी रडली, मग बापावर ओरडली, माझ्यावर तर जास्तच. मला मनापासून लाज वाटली.

"बाबा, आता पत्र पहिल्यासारखंच टाका," तिनं फर्मावलं.

पुढच्या महिन्यात ते आलं. पैशासाठी टपालवाला दारात ठाण मांडून बसला. मी मुकाट्यानं भरले, आणि पाहतो तर तिकीट नसलेल्या कागदावर अकोल्याचा शिक्का ठसठशीत उमटलेला! मी कातरी घेतली. निदान तेवढा तुकडा तरी.

"आधी वाचा," बायको म्हणाली.

शिक्क्याच्या बरोबर मागे सासूबाईंनी सांगून लिहवलेली ओळ होती, 'पोरीले म्हना, मी आता धडधाकट हाओ.'

"कापा आता," ती म्हणाली.

पत्र तिच्या पेटीत गेलं. वहीतलं अकोल्याचं पान अजून कोरं आहे.