परतीच्या नळीवरचा सेन्सर

खाणीच्या गाडीवर दोन ड्रायव्हर होते. सकाळच्या फेरीला सासरा, दुपारच्या फेरीला जावई. सासऱ्याला सगळे मीटर म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

नाव उगाच पडलं नव्हतं. या गाडीआधी पंचवीस वर्षं त्याने बुलडोझर चालवला आणि एकही इंजिन जाळलं नाही, कारण त्याचा कशावरच विश्वास नव्हता. काटा नव्वद दाखवायचा, तर हा उतरून बॉनेटला उलटा हात लावून बघायचा. हाताने होकार दिला, तर रेडिएटरच्या नळीला विचारायचा. डॉक्टरने ताप मोजला, तर थर्मामीटर झटकून पुन्हा मोजायला लावायचा. बायको म्हणायची, "मी आजारी आहे म्हटलं तरी यांना दोन साक्षीदार लागतात."

गाडी दणकट होती. चारही चाकं ओढणारी. पण खाणीचा रस्ता म्हणजे नऊ किलोमीटरचा चढ आणि सगळे सुटे दगड. सकाळी माणसं वर न्यायची, दुपारी पाण्याचे भरलेले ड्रम आणि ड्रिलचे दांडे. वर्षभरात दोन गिअरबॉक्स जळले. दुसरा जळला तेव्हा मॅनेजरने दोघांनाही समोर उभं केलं. म्हणाला, "आता ज्याच्या चुकीने गिअरबॉक्स तापेल, तो गाडीवरून खाली. कायमचा."

नवा गिअरबॉक्स आला, नवं तेल पडलं, आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या काट्याशेजारी दुसरा काटा बसला. खाली बसवलेल्या सेन्सरवरून गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा. दोन्ही आकडे वहीत लिहायचे. पायथ्याला, मधल्या वळणावर आणि माथ्याच्या शेवटच्या वळणावर.

मीटरचं नुसत्या आकड्यांवर भागेना. सकाळी निघताना आणि दुपारी गाडी सोडताना तो गिअरबॉक्समधलं तेल बघायची पट्टी बाहेर ओढायचा आणि तेलाचा थेंब पांढऱ्या फडक्याच्या तुकड्यावर उतरवायचा. तुकड्यावर तारीख आणि वेळ. तुकडे पत्र्याच्या डब्यात. रोज, एकही दिवस न चुकता.

तीन आठवड्यांनी त्याने तुकडे बाकावर ओळीने मांडले. सकाळी निघताना तेलाचा जो रंग, तोच दुपारी गाडी सोडताना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रंग एक पायरी गडद. म्हणजे तेल करपत होतं ते दुपारी, जावयाच्या हातात. आणि वहीत जावयाच्या अक्षरात काय? ब्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी. गार पाण्यासारखे आकडे.

"पोरगा लो लावत नाही," मीटर मेकॅनिकला म्हणाला. लो म्हणजे चढाची वेगळी दांडी. ती लावली की गाडी सावकाश चढते, पण गिअरबॉक्सवर भार कमी येतो. "लो न लावता रेटतो, आणि आकडे चहा पिताना लिहितो."

"मीटर, पोरगं नीट चालवतं. मी आवाज ऐकतो रोज."

"आवाज लबाड असतो."

"आणि तेल?"

"तेलाला नातं कळत नाही."

मेकॅनिक हसला. "मुलगी देताना पट्टी ओढून बघायची होती मग."

दुपारी किल्ली देताना मीटरने विषय काढलाच.

"जावईबापू, काल माथ्यावर किती होतं?"

"वहीत आहे की, मामा."

"वहीतलं वाचलंय. खरं किती होतं?"

"त्र्याऐंशी."

"तेल वेगळं सांगतंय."

"मग वही तेलालाच लिहायला सांगा." जावयाने किल्ली घेतली आणि गाडी काढली.

हे उत्तर मीटरला झोंबलं. खरं बोलणारा माणूस असा तुटक बोलत नाही, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे तो स्वतः आयुष्यभर असाच बोलत आला होता, पण ते त्या वेळी आठवलं नाही. गुरुवारी त्याने मॅनेजरला अर्ज दिला. दुपारचा ड्रायव्हर खोटे आकडे लिहितो, पुरावा सोबत जोडला आहे. सोबत फडक्याचे बेचाळीस तुकडे.

मॅनेजर म्हणाला, "सोमवारी दहा वाजता निकाल."

घरी बायकोने ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "पोटच्या पोरीच्या अन्नात माती कालवून आलात."

"गाडी जळाली तर दोघांच्याही अन्नात माती."

"तुम्हाला गाडीची काळजी नाही. तुमचं खरं ठरायला हवं, एवढंच."

 पण नुसता अर्ज पुरेसा नाही, हे मीटरलाही कळत होतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याने आजवर कुणाला दोषी धरलं नव्हतं. शनिवारी त्याने मेकॅनिककडून पिस्तुलासारखा थर्मामीटर मागून घेतला. घोडा दाबला की समोरच्या वस्तूचं तापमान काचेवर दिसतं. दुपारी तो न विचारता गाडीच्या मागच्या बाजूला, ड्रमांच्या मध्ये जाऊन बसला.

जावयाने आरशात पाहिलं. "आज पाण्याबरोबर संशयही भरलाय वाटतं."

"तुम्ही चालवा."

पायथ्याला गाडी थांबली. लोची दांडी पडली. मीटरने कान टवकारले. बरोबर पडली होती. मग चढ सुरू झाला. तो सीटमागून वाकून पोराचा पाय बघत राहिला. पाय शांत होता, ना धसका ना घाई. दगड आला की आधी चाक टेकवायचा, मग चढवायचा. खोट काढायला जागा नव्हती, आणि त्यामुळे मीटर आणखी अस्वस्थ झाला. मधल्या वळणावर काटा ब्याऐंशी. शेवटच्या वळणावर त्र्याऐंशी. जावयाने वही मांडीवर घेऊन तेवढंच लिहिलं.

आणि त्याच वळणावर वास आला. करपलेल्या तेलाचा, कडवट.

"थांबवा."

मीटर गाडीखाली घुसला. पाठीला दगड टोचत होते. त्याने पिस्तूल गिअरबॉक्सच्या चेंबरवर, म्हणजे तळाशी तेल साठतं त्या लोखंडी पेटीवर धरलं. एकशे चौतीस. काच पुसली. एकशे चौतीस. मग सेन्सर बसवला होता त्या नळीवर धरलं. त्र्याऐंशी.

तो तिथेच पडून राहिला.

गिअरबॉक्समधलं तापलेलं तेल एका नळीने कूलरकडे जातं, तिथे निवतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. सेन्सर परतीच्या नळीवर होता. हात धुऊन आलेल्या माणसाचे हात बघायचे आणि म्हणायचं, हा जेवलाच नाही. काटा खरा होता. पोरगा खरा होता. तेलही खरं होतं. दुपारी ओझं जास्त, ऊन जास्त, म्हणून दुपारी करपत होतं.

आणि ती जागा कुणी निवडली होती? मेकॅनिक सेन्सर चेंबरवरच बसवत होता. मीटरने त्याचा हात धरला होता. चेंबरवर दगड लागतील, दोन दिवसांत तुटेल, वर परतीच्या नळीवर घे. मेकॅनिक नको नको म्हणत होता. मग मीटरने स्वतः अर्धा दिवस खाली पडून सेन्सर धरायची पत्र्याची पट्टी कापली, कानसली, बोल्ट आवळले. कामात कणभर कसूर नव्हती. चोख काम, चुकीच्या जागी.

"मामा, डोळा लागला का?" वरून आवाज आला.

"तुमचे आकडे बरोबर आहेत."

"तीन आठवडे तेच सांगतोय."

"सेन्सरची जागा चुकली. माझ्या हातून."

वर वही मिटल्याचा आवाज आला. मग जावई म्हणाला, "अर्ज कुठे आहे?"

"मॅनेजरच्या टेबलावर."

"बरं," जावई म्हणाला. एवढंच. ड्रम माथ्यावर उतरले आणि गाडी खाली आली.

सोमवारी दहाला मीटरने सगळं सांगितलं. मॅनेजर खुर्चीत मागे रेलला.

"गुरुवारी जावई खोटारडा होता. आज सेन्सर खोटारडा झाला. मध्ये रविवार आला. घरी कोण रडलं, मीटर? मुलगी की बायको?"

"कुणी नाही."

"सासऱ्याने जावयावर पांघरूण घातलं, तर मला कळतं. मीही सासरा आहे."

"मेकॅनिकला विचारा."

"तो तुमचा वीस वर्षांचा दोस्त. तो काय वेगळं सांगणार?"

मीटरला राग यायला हवा होता, पण आला नाही. मॅनेजरच्या जागी तो असता तर त्यानेही नेमके हेच प्रश्न विचारले असते, याच क्रमाने. दाराशी जावई उभा होता. त्याची नोकरी आता त्या गुरुवारच्या कागदावर टांगली होती, आणि कागद लिहिणाऱ्याचा शब्द कवडीमोल झाला होता.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मीटर म्हणाला. "दुपारच्या फेरीला चला. ड्रम भरलेले असू द्या. खाली तुम्हीच शिरा, तुम्हीच मोजा."

मॅनेजरने आपल्या शर्टाकडे पाहिलं. पण आला.

शेवटच्या वळणावर तो गाडीखाली शिरला. बराच वेळ फक्त बूट दिसत होते.

"एकशे एकतीस," खालून आवाज आला. मग, "आणि इथे ब्याऐंशी." थोड्या वेळाने पुन्हा, "एकशे एकतीस." दोनदा मोजलं म्हणून मीटरला तो माणूस पहिल्यांदाच बरा वाटला.

मॅनेजर बाहेर आला. पाठ धुळीने भरली होती. "सेन्सर चेंबरवर घ्या. दगडांसाठी खाली जाड पत्रा लावा. दुपारची फेरी हाच करेल, पण वाटेत दोनदा थांबून तेल निवू द्यायचं. अर्ज मी फाडतो." मग मीटरकडे वळला. "आणि नियम तुम्हालाही आहे. तुमच्या चुकीने तो तीन आठवडे तापत राहिला. उद्यापासून तुम्ही गेटवर."

"कायमचा?"

"मी तसंच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," मीटर म्हणाला. त्याने घासाघीस केली नाही.

खाली आल्यावर मॅनेजर ऑफिसपाशी उतरला. मीटर मागून उतरून पुढच्या सीटवर येऊन बसला. गॅरेजपर्यंतचा रस्ता सपाट होता.

"रविवारी जेवायला बोलावलंय," जावई रस्त्याकडे बघत म्हणाला. "मी नाही. तुमच्या मुलीने."

"आणि तुम्ही?"

"मी अजून निवलो नाही, मामा."

मीटरने मान हलवली. "किती दिवस लागतील?"

"तेवढं मोजू नका."

"बरं," मीटर म्हणाला. "मुलीला सांगा, मी येतो."