मेहुण्याचा कागदी दिवा

कागदावर आमच्या मेहुण्याइतका जीव लावणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ब्रह्मपुरीत त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. कुणाची पत्रिका हातात आली, की नवरा-नवरी कोण हे वाचण्याआधी हा तिचा कोपरा जिभेला लावतो. "भाऊजी, कोटिंग चांगलं हाये, शाई पिणार नाई," असा शेरा मारतो आणि मगच मला तारीख विचारतो. एका मांडवात नवरदेवाच्या आजोबांनी हे पाहिलं आणि बिचारा उपाशी दिसतो म्हणून त्याच्या पानात दोन लाडू जास्तीचे वाढले. त्याने तेही खाल्ले.

पुढे त्याला वीज वाहून नेणाऱ्या शाईचं वेड लागलं. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी बाटलीभर निळसर शाई दिली. म्हणजे एक प्रकारचं पातळ प्लॅस्टिकच, पण वीज नेणारं. साध्या कागदात ती मुरून जाते, लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर मात्र रेघ शाबूत राहते. पत्रिका छापायच्याच जाळीतून याने त्या शाईच्या रेघा छापल्या, चपटा सेल आणि मोहरीएवढा दिवा चिकटवला. पत्रिका उघडली की दिवा लागायचा! पहिल्यांदा लागला त्या दिवशी त्याने माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, धानाची रोवणी सोडून चिखलाच्या पायांनी दुकानात यायला लावलं.

स्वतःच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, लग्नाला अशाच पत्रिका वाटायच्या, असा व्याह्यांना शब्द देऊन बसला. पत्रिका तयार झाल्या आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, रीतीप्रमाणे प्रत्येकीच्या कोपऱ्याला ओलं हळदकुंकू लावलं. नेमक्या तिथल्या दोन रेघा ओलीने जोडल्या गेल्या, दिवे बंद पत्रिकेतच लागले आणि वाटेतच सेल संपले. व्याह्यांनी चारचौघांत पत्रिका उघडली, तर अंधार. मेहुण्याने दोन दिवस दुकान उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी भाचीच त्याच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, आजीनं वल्लं कुकू लावलं म्हणून दिवा लागला ना? मंग धानाच्या पोत्याले वल लागली तं लागन का?"

मेहुणा ताडकन उठला. "काऊन नाई लागन!"

आता आमच्या गावात बियाण्याचं पोतं त्याच्या, ओल लागली की दिवा लावणाऱ्या, कागदी पट्टीशिवाय कुणी ठेवत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी भिंतीकडच्या पोत्यावरचा दिवा लागला. पोतं वेळीच उन्हात पसरलं म्हणून बियाणं वाचलं. हा माझा मेहुणा आहे, असं मी तेव्हापासून अनोळखी माणसालाही सांगतो.

भाची अहेरीला सासरी असते. जाताना तिने दोन पट्ट्या नेल्या. पावसाळाभर रोज सकाळी तिचा फोन येतो, "बाबा, दिवा लागला नाई."

"नाई लागला ना? बरं झालं, माय," असं म्हणून तो फोन ठेवतो. मग गल्ल्यातून तिच्या लग्नाची विझलेली पत्रिका काढतो, उघडतो आणि गिऱ्हाईक येईपर्यंत तशीच हातात धरून बसतो.