मांडववाल्याचं रॉकेट

मांडव बांधून झाला की काथोडशेठ त्याला लोंबकळायचे. म्हणजे अक्षरशः. चपला काढायच्या, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारायच्या, मधल्या खांबाचा दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि पाय जमिनीवरून उचलायचे. अंगानं चांगले भरलेले, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. यजमानांच्या घरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. शेठ मात्र वर कापडाकडे डोळे लावून क्षणभर तसेच राहायचे आणि खाली उतरून सांगायचे, "मी लोंबकललो नि मांडव हलला नाय. आता नवरदेवाला बिनघोर येऊ द्या."

ते जांभूळ गावचे. वाडवडिलांची भातशेती होती, त्यातली बरीचशी कारखान्यांकडे गेली आणि शेठ मंडप डेकोरेटर्सच्या धंद्यात पडले. माझा धंदा साऊंड, लाइट आणि एलईडी स्क्रीनचा, दुकान अंबरनाथ पश्चिमेला. बदलापूर, वांगणी, उल्हासनगर, जिथे शेठचा मांडव तिथे माझा स्क्रीन, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी. आमच्या भागात आगरी माणूस एक वेळ लग्नाला चुकेल, पण हळदीला चुकणार नाही. आख्खं गाव जेवतं, आख्खं गाव नाचतं. शेठ म्हणायचे, "लग्नाचा मुहूर्त भटजी काढतो, हलदीचा गाव काढतो. हलद पुढं जात नाय." अंगात ताप असताना त्यांनी शिडीवर चढून झालर लावलेली मी पाहिली आहे. दिलेली तारीख त्यांनी कधी चुकवली नाही, आणि त्याचा त्यांना फार गर्व होता. मी थोडा सैल माणूस. मला उशीर झाला की ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "वरात दारात नि सुर्वेची वायर अजून टेम्पोत."

अशा माणसाच्या पोटी अंकिता जन्माला आली, आणि ती जाऊन चिकटली कुठे, तर ज्या धंद्यात तारीख पाळली जाणं हाच अपवाद, तिथे. बदलापूरच्या शाळेतून इंजिनिअरिंगला, आणि तिथून दक्षिणेतल्या एका खासगी रॉकेट कंपनीत. ती बातमी सांगायला आली तेव्हा मी शेठच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो.

"रॉकेट सरकार सोरते ना?" शेठनी विचारलं.

"आता खासगी कंपन्यापण सोडतात, बाबा. आम्ही लोकांचे उपग्रह भाडं घेऊन वर नेणार आणि सोडणार."

"म्हंजे टेम्पो सर्विस."

मला वाटलं पोरगी चिडेल. ती उलट खूश झाली. "करेक्ट. मोठं रॉकेट म्हणजे ट्रक. ट्रक भरेपर्यंत छोट्या उपग्रहांना थांबायला लागतं, ट्रक जाईल तिकडे उतरायला लागतं. आमचा छोटा टेम्पो. पाहिजे तेव्हा, पाहिजे तिकडे."

"पायजे तेव्हा?" शेठ म्हणाले. "मंग पयला कधी?"

होळीनंतर, असं ती म्हणाली. शेठनी त्याच संध्याकाळी गावभर करून टाकलं. होळी झाली. इंजिनाच्या चाचणीत काहीतरी नडलं, म्हणून पावसाळ्यानंतर ठरलं. पावसाळा गेला, तर बाहेरून यायचा एक भाग आला नाही. दिवाळीत परवानगी अडकली. बदलापूरचे जनूशेठ म्हणून दुसरे मांडववाले होते, ते भेटतील तिथे विचारायचे, "काय शेठ, टेम्पो डेपोतून निगाला का?" शेठ वरून हसायचे आणि घरी येऊन अंकिताला फोनवर झाडायचे.

"मी असा मांडव दिला असता, तर लोकांनी मनाच खांबाला बांधला असता!"

"बाबा, आम्ही तारीख देतच नाही," अंकिता म्हणाली. "आम्ही म्हणतो, अमुक दिवसाच्या आधी नाही. नंतर कधीही. सगळ्या जगात असंच लिहितात."

शेठनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सुर्वे, ही तारीख नाय. ही नुसती आशा हाय."

पण त्यांचं कुतूहल चाळवलं होतं. एके दिवशी अंकितानं मोबाईलवर इंजिनाच्या चाचणीचा व्हिडिओ पाठवला. शेठ म्हणाले, एवढ्याशा पडद्यावर काय बघायचं, स्क्रीन लाव. गोडाऊनमध्ये, बांबूंच्या आणि घडी घातलेल्या कनातींच्या मधोमध मी आठ फुटी स्क्रीन उभा केला. लोखंडी चौकटीत जखडलेलं इंजिन होतं. ते पेटलं. पिवळी-निळी ज्वाला सरळ रेषेत बाहेर आली आणि गोडाऊनचा पत्रा थरथरला, कारण साऊंडही मीच लावला होता. इंजिन तसूभर हललं नाही.

"बांधून पेटवतात!" शेठ उठून उभेच राहिले. "अरे, हे तर आपलंच काम हाय. आदी लोंबकलून बगायचा, मंग माणसा आत घ्यायची." तो व्हिडिओ त्यांनी इतक्या वेळा लावायला लावला की मी शेवटी कंटाळून चहाला गेलो. त्या दिवसापासून माणूस बदलला. कामावरच्या पोरांना ते बांबू रचता रचता सांगायचे, खालचा टप्पा जोडला, वरचा टप्पा यायचा हाय, मंग टोपी. परदेशातली एक खासगी कंपनी आपलं रॉकेट परत आणून उभंच्या उभं उतरवते, हे मी त्यांना दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "मांडव सोडून परत गोडाऊनला आनल्याशिवाय धंदा परवडत नाय. त्यांना कललं हाय."

शेवटी रॉकेट समुद्रकाठच्या तळावर उभं राहिलं. तारीख खुद्द कंपनीनं जाहीर केली. शेठनी ठरवलं की जांभूळच्या मैदानात मांडव घालायचा, माझा मोठा स्क्रीन लावायचा आणि आख्ख्या गावाला मटण-भाकरी घालायची. मी म्हटलं, शेठ, घाई करू नका. अंकितानंही फोनवर विनवलं की लोकांना बोलावू नका. "जाहीर जाला ना?" एवढंच ते म्हणाले. एवढे दिवस जी चेष्टा सहन केली होती, ती त्यांना एका सकाळीत फेडायची होती. जनूशेठना आमंत्रण द्यायला ते स्वतः गेले.

त्या सकाळी मैदान फुललं होतं. लग्नात धवले गाणाऱ्या एका म्हातारीनं रॉकेटवरच धवला रचला, त्यात अंकिता नवरी आणि आभाळ सासर. मी माईकवर इंग्रजीचं मराठी करत होतो. मध्येच कंट्रोल रूम दिसली, निळ्या शर्टांच्या रांगेत अंकिता दिसली आणि गावानं एवढ्या शिट्ट्या मारल्या की माझा आवाजच बुडाला. उलटी मोजणी सुरू झाली. पोरंसोरं, बायाबापड्या सगळे मोठ्यानं आकडे म्हणू लागले. आणि अगदी तोंडाशी येऊन घड्याळ थांबलं. स्क्रीनवर एकच शब्द आला, होल्ड.

"लाइट गेली का?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, नाही, तिकडेच थांबवलंय. बराच वेळ गेला. मग जाहीर झालं की आजचं उड्डाण रद्द. मैदानात हसू पसरलं. जनूशेठ खुर्चीतून उठत म्हणाले, "वरात मांडवाच्या दारातून परत गेली रे." शेठ वाढप्यांकडे गेले आणि पंगत बसवा म्हणाले.

जेवणं चालू असताना अंकिताचा फोन आला. शेठनी मला जवळ बोलावून स्पीकर लावला.

"बाबा, किती लोक आलेत?"

"आख्खा गाव."

"बाबा, मीच थांबवलं. इंधन ढकलायला एका टाकीत वायू भरलेला असतो. तिला दाब दाखवणारे दोन गेज होते. एक म्हणत होता दाब ठीक, दुसरा म्हणत होता उतरतोय. बाकी सगळ्यांचं 'गो', म्हणजे सोडा, असं आलं होतं. साहेब माझ्या मागे उभे होते. मी 'नो' म्हटलं."

आता शेठ काय बोलतात या भीतीनं मी जमिनीकडे बघत होतो. त्यांनी फोन बंद केला, माझ्या हातातला माईक घेतला आणि ते मांडवाच्या मध्यावर गेले.

"मंडली, कोनी उठू नका, मटन गरम हाय. रॉकेट आज उरनार नाय. कोनी थांबवला, सांगू? माजे अंकितानं. सगले व्हय बोलत व्हते, ती एकटी नाय बोलली. साहेब पाठीशी उभा व्हता तरी नाय बोलली. मना नसता जमला."

कुणी हसलं नाही. ती धवलारीण म्हातारी पंगतीतून उठली आणि तिनं शेठच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण चार दिवसांनी अंकितानं मला फोन केला. "काका, बाबांना तुम्हीच सांगा. टाकीला काही झालं नव्हतं. तो दुसरा गेजच खराब होता." मी सांगितलं. शेठनी विचारलं, "मंग थांबवायची गरज नव्हती?" मी म्हटलं, ते तिला तिथे बसून कसं कळणार? "व्हय, तेही खरा," ते म्हणाले. पण मनातून खट्टू झाले. जनूशेठनी तर ती बातमी हळदी-हळदीत वाटली. शेठ एवढंच म्हणायचे की रॉकेट जाग्यावर हाय ना, मग झालं. म्हणताना मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. सकाळी एकटेच माझ्या दुकानात आले, शटर अर्धं ओढायला लावलं आणि स्टुलावर बसले. पण अशी गोष्ट लपते का? आधी त्यांची कामावरची पोरं आली, मग शेजारचा सिंधी कापडवाला, मग जांभूळहून दोन रिक्षा भरून माणसं. शटर वर करावंच लागलं. मोजणी सुरू झाली तेव्हा रस्त्यापर्यंत गर्दी होती. "अंकिता काय बोलली? अंकिता काय बोलली?" शेठ सारखे मला विचारत होते. तिचा आवाज स्पीकरवर आला, स्पष्ट. गो.

आणि रॉकेट निघालं. धुराच्या लोटातून आधी टोक दिसलं, मग सगळं धूड, आणि त्याखाली तीच पिवळी-निळी ज्वाला. "चल," शेठ म्हणाले. "चल, चल, चल, चल." खालचा टप्पा सुटला, गर्दी ओरडली. वरचं इंजिन पेटलं, परत ओरडली. मी मराठी करून सांगणार होतो, पण मीही गर्दीबरोबर ओरडत सुटलो होतो, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. शेवटी उपग्रह आपल्या जागी सुटल्याचं जाहीर झालं, तेव्हा शेठनी दोन्ही हात वर केले. "भारा उतरवला," ते म्हणाले. "टेम्पो खाली जाला." कापडवाल्यानं त्यांना मिठी मारली. नंतर तास-दीड तास ते रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पेढा देत होते.

त्यानंतरचा लग्नाचा सीझन त्यांचा शेवटचा ठरला. पावसाळ्यात हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. पण त्या सीझनची वांगणीची एक हळद सांगायलाच हवी.

शाळेसमोरच्या मैदानातला मांडव सुरेख झाला होता. संध्याकाळी डोंगराकडून वारा सुटला. शेठ नेहमीसारखे दोराला लोंबकळले आणि उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मला नेहमीचा वाटला नाही. ते परत लोंबकळले. "सुर्वे, खांब माज्या हाताला काहीतरी सांगतोय," ते म्हणाले. मी खांब हलवून पाहिला, मला काही जाणवलं नाही. पाहुणे यायला लागले होते. शेठ सरळ यजमानांकडे गेले आणि म्हणाले, मांडवात कोणी बसायचं नाही, हळद शाळेच्या पडवीत करा, वारा पडेपर्यंत थांबा.

यजमान भडकले. "शेठ, तुमीच सांगत आलाव ना, हलद पुढं जात नाय?"

"आजवर सांगत व्हतो," शेठ म्हणाले. "आज 'नाय' बोलतो."

भांडी, पाट, नवरी, सगळं शाळेत हललं. माझा स्क्रीन बंद, डीजे बंद. हळद उशिरा लागली, पडवीत अर्धी माणसं उभ्यानं जेवली आणि यजमानांच्या भावानं शेठना ऐकू जाईल असं सगळं बोलून घेतलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. थोड्या वेळानं वारा पडला.

सकाळी आम्ही मैदानात आलो. मांडव जसाच्या तसा उभा होता. एक झालरसुद्धा सुटली नव्हती. शेठ खांबाभोवती फिरले, बुंध्याशी बसून त्यांनी माती उकरून पाहिली. खांब घट्ट होता. मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर जपलेला शब्द कारण नसताना मोडला होता, आणि आता जनूशेठ तालुकाभर सांगणार होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

"अंकिता," ते म्हणाले, "माजा पन गेज खराब निगाला."

पलीकडून तिनं काहीतरी विचारलं.

"सगली धड हायेत," शेठ म्हणाले. "नवरी लग्नाच्या हॉलवर निगाली पन." आणि ते हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग फोन खिशात टाकून त्यांनी पोरांना हाक मारली आणि स्वतः पहिला दोर सोडायला घेतला.