पाऊण सेकंद

आकाश बघणाऱ्यांचं असंच असतं बघा! बघायचं ते राहून जातं आणि किस्से मात्र पोतंभर साठतात.

आम्ही तिघं. भोरच्या शाळेतून रिटायर झालेले शेखसर, दवाखान्यातला कंपाउंडर बापू आणि कचेरीतला कारकून मी. मोबाईल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. सरांना एकच ध्यास, अंतराळस्थानक सूर्यावरून जाताना बघायचं. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचं, त्यावरून काळा ठिपका सर्रकन जाणार. किती वेळ? पाऊण सेकंद!

तेही जमिनीवरच्या एका अरुंद रेघेवरूनच दिसणार, आणि रेघ दर वेळी वेगळी. पहिल्यांदा सायबर कॅफेत छापून आणलेल्या कागदावर त्या रेघेवरचं गाव निघालं हिर्डोशी. एसटीनं गेलो, वर तासभर चाललो. बांधावर दुर्बीण लावली तर एक आजी आल्या.

"काय बघतायसा?"

"सूर्य, आजी."

"मंग हितवर कशाला आलासा? भोरात उगवत न्हाई व्हय?"

आणि नेमका ढग आला!

*

दुसऱ्यांदा वरवे बुद्रुक. आभाळ लख्ख. पण बापूचं घड्याळ मिनिटभर मागं!

"मिनिटानं काय होतंय?" बापू म्हणाला.

"एव्हाना ते हैदराबादच्या वाटेला लागलं," सर म्हणाले. "आणि आपली एसटी अजून यायचीय!"

*

परतताना मी विचारलं, "सर, हे वेड कधीपासून?"

"तरुणपणी वैमानिक व्हायचं होतं. डोळे तपासले. नंबर लागला रे... पण चष्म्याचा!"

बापू हसला. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

*

आणि एकदा ती रेघ सरांच्या गच्चीवरूनच गेली! सकाळचं ऊन, घड्याळ रेडिओशी जुळवलेलं. गच्चीत मिरच्या वाळत घातलेल्या. वाऱ्यानं पुठ्ठा हलत होता, म्हणून सरांच्या बायकोनं, रुकय्याभाभींनी, तो धरला.

"पाच... चार... तीन..." बापू मोजत होता.

मिरचीचा खकाणा उडाला आणि सरांना जोरात शिंक आली! आम्ही दोघांनी दचकून सरांकडं बघितलं.

"अगंबाई!" भाभी म्हणाल्या. "आत्ता काय गेलं हो?"

सरांनी डोळे पुसले. "कसं होतं?"

"काळं. मधे काडी, दोन्हीकडं पंख."

तेव्हापासून संध्याकाळच्या चहाला सर रोज म्हणायचे, "परत सांग." भाभीही न कंटाळता सांगायच्या. रोज थोडं जास्तच!

एकदा मी गेलो तेव्हा त्या सांगत होत्या, "आणि आतल्या माणसानं हात केला."

सरांनी कप खाली ठेवला.

"कुठल्या खिडकीतून?"