पाण्यात ठेवलेली फळी

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी पेणच्या स्टँडवर रोह्याच्या एसटीची वाट बघत उभी होते. वसंतदादालाच भेटायला दवाखान्यात निघाले होते. पिशवीत त्याला आवडणारे पोह्याचे पापड होते. "आता घाई करू नकोस गो," वहिनी म्हणाल्या. "सावकाश ये..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. एसटी आली, लोक चढले, कंडक्टरने दोनदा हाक मारली. मी तशीच उभी होते.

वसंतदादा माझा चुलतभाऊ. रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत केमिस्ट होता. सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली, निवृत्त झाल्यावर वरसे गावात घर बांधलं. मी पेणच्या शाळेत इतिहास शिकवते. लहानपणापासून तो मला चिडवायचा, "तुझा इतिहास म्हणजे पाठांतर. पुरावा काय?" आमचं एकमेकांवर प्रेम होतं, पण एकमेकांच्या कामात काही अर्थ असेल असं दोघांनाही फारसं वाटत नव्हतं. ते बदललं एका फळीमुळे.

धरमतर खाडीकाठच्या हिराबाई आमच्या शाळेत मुलांचं जेवण शिजवायच्या. खाजणातला, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतला, बांध दुरुस्त करताना त्यांच्या घरच्यांना चिखलात खोल एक काळी फळी सापडली. ती त्या माझ्याकडे घेऊन आल्या. "बाई, बगा, कडेनं भोकं हायेत, पन खिळा एक नाय." भोकांत काथ्याचे तुकडे अडकलेले होते. होडी खिळे न वापरता दोरीने शिवलेली होती! मी हरखून गेले. शाळेत मांडून ठेवू म्हणून फळी घासूनपुसून व्हरांड्यात उन्हात वाळत घातली. आठवड्याभरात ती पिळवटली, उभी-आडवी तडकली आणि हात लावला की भुगा पडू लागला. मी घाबरून दादाला बोलावलं. तो आला, उकिडवा बसला, एक कपची चिमटीत धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "आतलं लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं गं. नुसत्या पाण्यानं त्याला आकार धरून ठेवला होता. तू पाणी काढून घेतलंस." मला रडू फुटलं. चिखलाने एवढा काळ जपलेली वस्तू मी आठ दिवसांत मोडली होती. तो मात्र उठून हिराबाईंना विचारत होता, "मावशी, तिथं आणखी काही हाय?"

ओहोटीला आम्ही तिघं गेलो. गुडघाभर चिखलात दादाने हातांनीच उकरायला सुरुवात केली, आणि दुसरी फळी लागली. त्याने ती तिथेच राहू दिली, वर ओली पोती पसरली आणि पुरातत्त्व खात्याला कळवलं. तिथल्या तज्ज्ञ बाई येऊन पाहून गेल्या. त्यांच्या देखरेखीखाली फळी टेम्पोतून वरशाला आली आणि दादाच्या परसात विटांची लांबट टाकी उभी राहिली. आधी कित्येक महिने नुसतं गोडं पाणी बदलायचं, म्हणजे आतला खार निघून जातो. मग त्यात मेणासारखं एक रसायन थोडं थोडं वाढवत न्यायचं. ते लाकडातल्या पाण्याची जागा घेतं आणि पुढे फळी वाळली तरी आकार मोडत नाही. यात वर्षं जातात. वहिनी वैतागायच्या, "कपडे वाळत घालायला जागा नाय ठेवली ह्यांनी." दादा हसायचा आणि पाण्याचं तापमान वहीत लिहायचा.

वय काढायला त्याने त्या तज्ज्ञ बाईंना लाकूड नाही, भोकांतल्या काथ्याचा तुकडा तपासणीला पाठवायला लावला. का, ते मला समजावून सांगितलं : "झाड आधी कितीतरी वर्षं उभं असेल, लाकूड जुनंच निघणार. पण दोरी वळली ती होडी शिवायलाच." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा इतिहासाचा माणूस आहे, आणि मी त्याच्या कामाला उगीच एवढी वर्षं कमी लेखलं.

मग त्याचं फुप्फुस बिघडलं. रोह्याच्या दवाखान्यात नाकात नळी असतानाही विचारायचा, "अहवाल आला?" मी नाही म्हणायचे. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं नाही. फक्त म्हणाला, "मी नसलो तरी ती कोरडी पडू द्यायची नाय..."

तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोरी शिवकाळाच्याही बरीच आधीची निघाली. परसात टाकीशेजारी बसून मी तो वहिनींना आणि हिराबाईंना वाचून दाखवला. हिराबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "होडी ज्यानं शिवली त्याचं नाव नाय लिवलंय?" मी म्हटलं, नाही, ते कुणालाच सांगता यायचं नाही. "असूं दे," त्या म्हणाल्या, "आमच्यातलाच कुनी असंल."

वहिनी उठल्या. दादा गेल्यापासून पाणी त्याच बघतात, आणखी दीडेक वर्ष तरी बघावं लागेल. त्यांनी टाकीवरचं झाकण सरकवलं आणि मला म्हणाल्या, "हात घाल आत. डाव्या कडेला चाचप. तुला सांगायचं राहिलं त्यांचं." मी कोपरापर्यंत हात घातला. भोकांच्या सरळ ओळीच्या जरा वर एका जागी बोटांना लाकडाची बारकी, गोल खुंटी लागली. खरं भोक तिच्या शेजारी, जरासं खाली, ओळीत होतं.

"चुकला होता तो शिवणारा," वहिनी म्हणाल्या. "भोक भलतीकडं पाडलं, मग बुजवून दुसरं पाडलं. हे रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी इथं हात घालायचे न् एकटेच हसायचे. म्हणायचे, बघ, फळी टाकून नाय दिली त्यानं."

मी हात काढला नाही. पाणी गार होतं, आणि खुंटी अजून घट्ट बसलेली होती.