नर्सबाईंची बदली

चांगुणाबाईंना तुळजापूरला जायचं होतं, पण देवीसाठी नव्हे, झोपेसाठी. तिथल्या दवाखान्यात म्हणे नर्सा पाळीनं काम करतात, आणि पाळी संपली की चक्क घरी जाऊन झोपतात!

बाईंची नेमणूक परंड्याकडच्या एका गावात. त्यात बहात्तरचा दुष्काळ. डॉक्टर पगाराच्या दिवशी न चुकता हजर. बाकी खडी फोडताना चेचलेली बोटं, हगवण, बाळंतपणं सगळं बाईंच्या गळ्यात. पूर्वी बाळ रडलं की त्यांना केवढा आनंद व्हायचा. आता वाटायचं, आला आणखी एक झोपमोड्या.

बदलीचे अर्ज करून त्या दमल्या. मग एकदम आठवलं. आधीची नर्स फाटक्या तोंडाची होती. गावानं तक्रार केली अन् तिला तुळजापूरला धाडलं. शिक्षा म्हणून, बरं का!

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तोंड सोडलं. "मुडद्यांनो, माणूस हाय का यंत्र मी?" गाव खूश. सरपंच तात्याराव म्हणाले, "बाई आता घरच्यावानी बोलाय लागल्या."

शेवटी एका भर दुपारी बाईंनी आतून कडी घातली. आता कुणी मेलं तरी उठायचं नाही, असं ठरवून आडव्या झाल्या. नवल म्हणजे कुणी हाकच मारली नाही. मस्त झोप लागली.

दार उघडलं तर ओट्यावर खडीवरची रुद्रम्मा, कळांनी पिळवटलेली, दातात पदर घट्ट धरून. शेजारी तिची सासू.

"अगं भवाने, ओरडायचं की!" बाई किंचाळल्या.

"म्याच गप केलं तिला," सासू कुजबुजली. "तुमचा डोळा लागलेला. कवा झोपता तुमी?"

बाईंना रडू फुटलं. रडतरडतच त्यांनी बाळंतपण केलं. पोरगी झाली, धडधाकट.

हे कळताच तात्याराव तडक उस्मानाबादला गेले, जिल्ह्याच्या साहेबांना भेटले. "असली बाई आमी सोडनार न्हाय." बाईंची बदली होणार नाही, हा शब्द घेऊनच परतले. मग चावडीपुढं बाईंचा सत्कार. हार, नारळ, खण. "बाई, दोन शब्द बोला."

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला झोपायचंय हो."

सगळी चावडी खदखदून हसली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. "बाई लई गमतीच्या हायत!" तात्याराव डोळे पुसत म्हणाले. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "नर्सबाई, जरा चलता का?"

बाईंनी गळ्यातला हार काढून तात्यारावांच्या हातात दिला आणि पायात चपला सरकवल्या.